रूपसिद्धि

घरांतील म्हातारा माणूस नवें यंत्र हातीं घेऊन बसला कीं घरांत दोन पक्ष पडतात. ‘आतां या वयांत कशाला ही यातायात!’ असें उघड म्हणणारे एक, आणि तेंच मनांत म्हणून तोंडानें ‘वा, वा!’ म्हणणारे दुसरे. गेल्या वैशाखांत आमच्या घरीं या दोन्ही पक्षांचें पूर्ण ऐक्य झालें होतें. कारण वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीं, जुन्या अकरावीची मॅट्रिक एवढ्याच भांडवलावर, आम्ही घरच्या संगणकावर वेब सर्व्हर नांवाची आज्ञावली तिच्या मूळ लिखाणापासून बांधून बसवावयास निघालों होतों.

हा खटाटोप कशासाठीं, तें आधीं सांगितलें पाहिजे. आमचे कैलासवासी वडील रोजनिशी लिहीत. १९३८ पासून १९७१ पर्यंतच्या त्यांच्या वह्या मोडी लिपींत आहेत. तुरीचा भाव, विहिरीचें पाणी, मुलांचे ताप, श्राद्धाला कोण आलें आणि कोण आलें नाहीं, असा सारा मजकूर. बाहेरच्यास त्यांत कांहीं नाहीं; आम्हांस त्यांत सर्व कांहीं आहे. आमचे वडील बंधु, ज्यांना सारें घर दादा म्हणतें, ते आज चौऱ्यांशी वर्षांचे आहेत, आणि मोडी वाचणारे घरांत ते एकटेच. २०२० सालीं करोनाच्या सांथींत सारें घर दाराआड बसलें होतें, तेव्हां दादांनीं त्या वह्या मोठ्यानें वाचल्या. धाकट्या सूनबाईंनीं त्या बाळबोधींत संगणकावर उतरविल्या. आणि आमच्या पुतण्यानें (तो आतां तिशीला आला, तरी घरांत त्याला अजून बाळच म्हणतात) तो मजकूर माजघरांतील संगणकावर असा मांडून ठेवला कीं घरांतील कोणींहि आपापल्या फोनवरून हवें तें पान उघडावें. दादांची अट एकच होती: घरचें घरांत राहिलें पाहिजे. वडिलांच्या वह्या कोणा परक्या कंपनीच्या कोठारांत जातां कामा नयेत. म्हणून बाळानें घरांतच सर्व्हर बसविला होता.

सर्व्हर म्हणजे काय, असें आमच्या वयाचे वाचक विचारतील. सर्व्हर म्हणजे वाढपी. इंग्रजी शब्दाच्या मुळाशीं सेवा करणें, वाढणें हाच अर्थ आहे. पंगतींत बसलेल्यानें ‘वरण’ म्हणावें आणि वाढप्यानें वरणाचें पातेलें घेऊन यावें. तसें फोनानें ‘१९५२ सालचा ज्येष्ठ’ म्हणावें, आणि संगणकांत अखंड कान देऊन बसलेल्या आज्ञावलीनें तें पान आणून वाढावें. मागितलेलें पान नसेल तर तसें स्पष्ट सांगावें. या नकाराला त्यांच्या शास्त्रांत ४०४ हा आंकडा नेमून दिला आहे. शिवाय सारीं पानें एकाच ठिकाणीं असल्यामुळें सूनबाईंनीं तेथें एक चूक सुधारली कीं ती सर्वांना सुधारलेलीच दिसते. वहीच्या वीस प्रती काढून वाटल्या असत्या तर ही सोय राहिली नसती.

असा वाढपी मोठ्या इमारतींतच असावा लागतो असें नाहीं. जगांतील पहिला वेब सर्व्हर टिम बर्नर्स-ली यांनीं १९९० च्या अखेरीस जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेंत चालविला, तोहि टेबलावरच्या एका संगणकावरच. कोणीं चुकून तो बंद करूं नये म्हणून, हें यंत्र सर्व्हर आहे, बंद करूं नका, अशा अर्थाची चिठ्ठी त्यांनीं त्यावर तांबड्या शाईनें लिहून चिकटविली होती. आमच्या माजघरांतहि तशीच चिठ्ठी आहे. आमच्या वहिनी निजण्यापूर्वीं घरांतील एकूणएक बटण बंद करितात. चिठ्ठी लागेपर्यंत रोज सकाळीं आमचा वाढपी झोपलेलाच सांपडत असे.

तर गेल्या चैत्रांत त्या संगणकाची तबकडी एकाएकीं निकामी झाली. दुरुस्ती करणाऱ्यानें नवी बसविली, तीवर उबुंटू नांवाची लिनक्स जातीची कार्यप्रणाली नव्यानें घालून दिली, आणि तो निघून गेला. वह्यांचा मजकूर बाळानें एका पेनड्राइव्हवर वेगळा ठेवला होता म्हणून वांचला. वाढपी मात्र गेला.

दादांची नजर आतां अधू झाली आहे. दिवेलागणीनंतर ते ओटीवर बसून टॅब्लेटवर अक्षरें बोटांनीं मोठीं करून रोज दोन पानें वाचीत. ११ डिसेंबर १९६७ चें पान तर ते पुन्हां पुन्हां काढीत. त्या पहांटे कोयनेचा भूकंप झाला. वडिलांनीं त्या दिवशीं दोनच ओळी लिहिल्या आहेत: सारे सुखरूप, थोरल्यानें आईला उचलून अंगणांत नेलें. तबकडी गेल्यापासून दादा नेहमींच्या वेळीं ओटीवर येत, चष्मा पुसून डोळ्यांस लावीत, आणि कांहीं वेळानें काढून ठेवीत. त्यांनीं तक्रार केली नाहीं. ती न केलेली तक्रार आम्हांस माजघरांत ऐकूं येई.

बाळ बंगळुरास नोकरीला असतो. त्याला फोन केला. तो म्हणाला, “अण्णा, उबुंटूच्या भांडारांत अपाची सर्व्हरचें तयार पुडकें आहे. एक ओळ लिहावयाची. दोन मिनिटांत सर्व्हर चालूं होतो. छोटीला सांगा, ती करील.”

“आणि तूं मागें केलें होतेंस तें?”

“तो मीं मूळ लिखाणापासून बांधला होता. त्याचें टिपण पेनड्राइव्हवर आहे. पण त्याची आतां गरज नाहीं.”

‘गरज नाहीं’ हे शब्द आम्हांस लागले. पस्तीस वर्षें आम्हीं मुलांच्या दप्तरांतून गाइडें काढून घेतलीं. तयार उत्तर हातीं आलें कीं प्रश्न मरतो, हें वाक्य आम्हीं किती वर्गांत उच्चारलें असेल त्याची गणती नाहीं. तेच आम्ही दोन मिनिटांचें तयार पुडकें आणावयाचे! रात्रीच्या पंगतींत आम्हीं जाहीर करून टाकलें कीं हा सर्व्हर आम्ही स्वतः मुळापासून बांधणार. दादा नुसते हंसले. आमची आठवींतली नात छोटी, हिनें विचारलें, “किती दिवस लागतील, आजोबा?”

“दोन,” आम्ही म्हणालों.

या अपाचीचा इतिहास आम्हांस मोठा गोड वाटला. अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या संस्थेंत रॉब मॅकूल यांनीं एक सर्व्हर लिहिला होता. १९९४ सालीं ते तेथून गेले आणि त्या कामाची वाढ खुंटली. तेव्हां तो सर्व्हर वापरणाऱ्या ठिकठिकाणच्या लोकांनीं आपापल्या दुरुस्त्या ई-मेलनें एकमेकांस कळवून, तीं ठिगळें एकत्र जोडण्यास आरंभ केला. त्यांतून एप्रिल १९९५ मध्यें अपाचीची पहिली जाहीर आवृत्ति निघाली, आणि वर्षभरांत तो जगांतील सर्वांत अधिक वापरला जाणारा सर्व्हर झाला. जुन्या लुगड्यांचे तुकडे घेऊन चार घरच्या बायकांनीं मिळून शिवलेली ही गोधडीच म्हणावयाची. आणि गोधडीची ऊब बाजारच्या रजईला नसते हें आमच्या भगिनींस सांगावयास नको. त्याचें मूळ लिखाण सी नांवाच्या भाषेंत आहे, आणि तें कोणासहि विनामूल्य मिळतें. वाचावें, बदलावें, दुसऱ्यास द्यावें. विद्यादानाची ही रीत आपल्यास परकी नाहीं.

संगणकाला सी भाषा समजत नाहीं. त्याला त्याची यंत्रभाषाच समजते. सी मधील लिखाणाचें यंत्रभाषेंत रूपांतर करणारी जी आज्ञावली तिला कंपायलर म्हणतात. तयार पुडक्यांत हें रूपांतर दुसऱ्या कोणीं आधींच करून ठेविलेलें असतें. म्हणजे तें सिद्ध रूप होय. आम्हांस प्रकृति आणि प्रत्यय हातीं घेऊन रूप साधावयाचें होतें.

पहिल्या दिवशीं मूळ लिखाणाचें गांठोडें उतरवून घेतलें. गांठोड्यासोबत ६४ अक्षरांची एक ओळ दिलेली असते. ती त्या गांठोड्यांतील मजकुरावरून गणितानें काढलेली असते, आणि वाटेंत एक अक्षर जरी बदललें तरी ती ओळ पार निराळी येते. म्हणून आपल्या गांठोड्याची ओळ आपण काढावयाची आणि मूळ ओळीशीं ताडावयाची. आम्हीं एक ओळ मोठ्यानें वाचली, छोटीनें दुसरीवर बोट ठेवलें. आकडे आणि इंग्रजी अक्षरें यांचा तो घोष ऐकून वहिनी देवघरांतून डोकावून गेल्या. आम्हांस मात्र वेदपाठशाळेची आठवण झाली. जटा, घन अशा विकृतींनीं पदें उलटसुलट म्हणावयाचीं तीं कशासाठीं? एक स्वर ढळला तर ताबडतोब कळावा यासाठींच ना? चौसष्टहि अक्षरें जुळलीं. मग छोटी म्हणाली, “आजोबा, हें ताडण्याचें काम संगणकालाच सांगतां येतें.” हें तिला आधींच माहीत होतें. आम्हांस आनंद होत होता म्हणून ती बोलली नाहीं.

पुढची पायरी ‘कॉन्फिगर’. भटजी कार्याला आले कीं पाटावर बसण्यापूर्वीं विचारतात, दर्भ आहेत? पळी-पंचपात्र आहे? सुपाऱ्या किती? तसें हें प्रकरण तुमच्या संगणकांत काय आहे आणि काय नाहीं याची एकेक चौकशी करीत जातें. पडद्यावर ओळींमागून ओळी धांवल्या, आणि एकाएकीं थांबल्या. एपीआर सांपडत नाहीं. कृपा करून माहितीपत्रक वाचावें. वेगवेगळ्या कार्यप्रणालींवर अपाचीला सारखेंच वागतां यावें म्हणून जी आधाराची सामग्री लागते, तिला एपीआर म्हणतात. ती वेगळी आणून तिच्या जागीं ठेवावी लागते. ती ठेवली. दुसऱ्या दिवशीं पुन्हां कॉन्फिगर. या वेळीं उत्तर आलें, कंपायलर नाहीं. स्वयंपाकाला बसावें आणि चूलच नाहीं असें कळावें, तसें झालें. तिसऱ्या दिवशीं कंपायलर आला, तर पीसीआरई नाहीं. लांबलचक मजकुरांतून ठराविक घाटाचे शब्द हुडकणारें हें साधन. चवथ्या दिवशीं तेंहि आणलें.

आम्हीं दोन दिवस सांगितले होते, हें वाचकांच्या लक्षांत असेल.

चवथ्या दिवशीं दुपारीं चिडून आम्हीं बाळाचें टिपण पहिल्या पानापासून उघडलें. तोंवर आम्ही त्यांतल्या आज्ञाच तेवढ्या उचलून लिहीत होतों. पहिल्या पानावर शीर्षक होतें: ‘आरंभापूर्वीं लागणारी सामग्री’. त्याखालीं एपीआर, कंपायलर, पीसीआरई, एकेक वस्तु क्रमानें लिहिलेली. प्रश्नपत्रिका आधीं संपूर्ण वाचा, मग लेखणी उचला, असें पस्तीस वर्षें सांगणाऱ्या मास्तरांनीं प्रस्तावना वाचली नव्हती!

तें टिपण मग आम्ही ओळींओळीनें वाचूं लागलों. अठरा पानांचें शुद्ध मराठी टिपण. प्रत्येक आज्ञेखालीं बाळानें एक वाक्य लिहिलें होतें, आणि तें प्रत्येक वेळीं ‘कारण’ या शब्दानें सुरू होत होतें. ही आज्ञा अशी, कारण अमुक. ही जागा निवडली, कारण अमुक. येथें अडलें तर घाबरूं नये, कारण अमुक. वाचतां वाचतां आमच्या डोळ्यांपुढें एक जुना दिवस उभा राहिला.

बाळ नववींत आमच्याच वर्गांत होता. आम्ही नकारान्त शब्द चालवीत होतों. राजन्, प्रथमा, राजा राजानौ राजानः. बाळानें हात वर केला. “सर, राजन् मधला न् कुठें गेला?” आम्ही म्हणालों, “पाठ कर.” तो म्हणाला, “पाठ आहे. पण गेला कुठें?” वर्ग हंसला. सहामाही तोंडावर आली होती, आणि पोर्शन मागें पडला होता. शिवाय घरचाच मुलगा. त्याला सवलत दिली असें कोणीं म्हणूं नये, हीहि एक भीति. आम्ही म्हणालों, “परीक्षेंत रूप विचारतात, कारण विचारीत नाहींत,” आणि त्याला तासभर वर्गाबाहेर उभें केलें. त्यानंतर त्यानें संस्कृतांत प्रश्न विचारला नाहीं. दहावीला पास होण्यापुरते गुण मिळविले आणि तो विषय सोडला. तो संगणकापाशीं रात्र रात्र बसे, तेव्हां आम्ही पांच माणसांदेखत त्याला उनाड म्हणत असूं.

त्याला ‘कां’ विचारावयास आम्हीं आमच्या दारांत जागा ठेविली नाहीं. ज्या दारांत जागा मिळाली तेथें तो गेला. आणि पाहा, गाइडांवर तोंडसुख घेणारे आम्ही, वर्गांत मुलांना काय देत होतों? रूपावली! शब्दांचें सिद्ध रूप, कारणावांचून. तें गाइड नव्हे तर काय?

पांचव्या दिवशीं आम्ही बसलों ते निराळ्या मनानें बसलों. कॉन्फिगर निर्वेध पार पडलें. मग ‘मेक’. ही आज्ञा १९७६ सालीं बेल प्रयोगशाळेंत स्टुअर्ट फेल्डमन यांनीं तयार केली. तिचें तत्त्व कोणत्याहि गृहिणीला पटेल. कोणता पदार्थ कशापासून होतो याची यादी तिच्याजवळ असते, आणि सामग्री पदार्थाहून नवी असेल, म्हणजे पदार्थ शिळा झाला असेल, तर तेवढाच ती पुन्हां करिते. जें ताजें आहे त्याला हात लावीत नाहीं. ओळी धांवूं लागल्या. सीचीं शेंकडों पानें एकामागून एक यंत्रभाषेंत उतरूं लागलीं. आणि थांबलीं. ‘एक्सपॅट’ नांवाची फाइल नाहीं.

हा अडथळा मोठा चमत्कारिक होता, कारण शोधून पाहतां एक्सपॅट संगणकांत होता! बाळाच्या टिपणाच्या शेवटीं ‘अडलें तर’ असा भाग आहे. तेथें उलगडा सांपडला. साधन दोन भागांत येतें. एक, प्रत्यक्ष काम करणारा; दुसरी, त्याला काय काय येतें याची सूचि. तयार पदार्थ खाणाऱ्यास आंचाऱ्याशीं काम. स्वतः रांधणाऱ्यास त्याची सूचिहि लागते. उबुंटू सूचि वेगळ्या पुडक्यांत ठेवितें, कारण बहुतेकांना ती कधींच लागत नाहीं. तें पुडकें आणलें. सहाव्या दिवशीं मेक अखेरपर्यंत गेलें. चहा गाळून होईतों सारा सर्व्हर तयार झाला. सातव्या दिवशीं ‘मेक इन्स्टॉल’नें सारें आपापल्या जागीं जाऊन बसलें, आणि वह्यांचीं पानें आम्हीं तेथें नेऊन ठेविलीं.

आठवा दिवस. छोटीला हांक मारिली, दादांना टॅब्लेट घेऊन बसावयास सांगितलें, आणि सर्व्हर सुरू करण्याची आज्ञा दिली. संगणक म्हणाला: दार व्यापलेलें आहे.

याचा अर्थ सांगितला पाहिजे. संगणक म्हणजे पुष्कळ दारांचा वाडा. दारांना १ पासून ६५५३५ पर्यंत क्रमांक आहेत, आणि वेबच्या वाढप्यानें ८० क्रमांकाच्या दारांत बसावें असा संकेत आहे. १०२४ च्या आंतलीं दारें लिनक्समध्यें यजमानाच्या अधिकारानेंच उघडतात; तो अधिकार आम्हीं वापरिला होता. तरी दार व्यापलेलें! एका दारांत एकाच वेळीं एकच वाढपी बसूं शकतो. मग तेथें कोण बसलें होतें? टिपणांत त्याचीहि युक्ति दिली होती. ती लिहितांच नांव आलें: अपाची. आमचा नव्हे. तयार पुडक्यांतला.

आम्हीं मागें वळून पाहिलें. छोटी जमिनीकडे पाहात होती. दादा टॅब्लेट मांडीवर पालथा ठेवून छताकडे पाहात होते.

“केव्हांपासून?” आम्ही म्हणालों.

“तिसऱ्या दिवसापासून,” छोटी हळूच म्हणाली. “दादाआजोबा संध्याकाळीं नुसते बसून होते. मीं बाळकाकाला फोन केला. त्यानें सांगितलें तसें केलें. दोन मिनिटें लागलीं. तुम्हांला वाईट वाटेल म्हणून...”

म्हणजे पांच दिवस दादा सुखानें वह्या वाचीत होते, आणि आम्ही त्यांच्यासाठीं घाम गाळीत होतों! मान्य केलें पाहिजे कीं क्षणभर आम्हांस राग आला. सारें घर एकीकडे आणि आम्ही एकीकडे असें वाटलें. तोंड उघडणार, इतक्यांत दादा म्हणाले, “अरे अण्णा, मी वाचीत होतों तें ओटीवर दिवा न लावतां, पांघरुणांत. तूं दुपारभर माजघरांत बसून पुटपुटतोस, त्यांत मला पाठशाळेंतला तूं दिसत होतास. तें मोडावयाचें कोणाच्या जिवावर आलें नाहीं. आणि खरें सांगूं? वही मिळाली होती, तरी तुझा सर्व्हर केव्हां होतो याची मी वाट पाहातच होतों.”

राग जेथें उगवला तेथेंच विरला. एका घरांत राहण्याचा अर्थ आम्हांस त्या ओळींत जितका कळला तितका कुलधर्माच्या पोथ्यांत कळला नव्हता. ज्याला भूक आहे त्याला आधीं वाढावें, आणि ज्याला रांधण्याची हौस आहे त्याची हौस मोडूं नये. छोटीनें दोन्ही साधलें. आमचा हट्ट मात्र एका म्हाताऱ्याच्या संध्याकाळच्या दोन पानांहून मोठा झाला होता, हें आम्हांस कोणीं दाखविलें नाहीं, आणि म्हणूनच तें दिसलें.

आम्हीं आमच्या सर्व्हरला ८०८० क्रमांकाचें दार दिलें. आज्ञा दिली. टॅब्लेटवर पान उघडलें. दादांनीं सवयीनें १९६७ सालाचें पान काढलें आणि अक्षरें मोठीं केलीं.

त्या रात्रीं आम्हीं बाळाला फोन लाविला. सर्व्हरचें सांगून झालें. मग आम्ही म्हणालों, “बाळ, राजन् मधला न् कुठें गेला तें सांगावयाचें राहिलें आहे.”

पलीकडे शांत झालें.

“राजन् हें प्रातिपदिक. त्याला प्रथमेच्या एकवचनाचा सु प्रत्यय लागतो. त्याच्या निमित्तानें न् च्या आधींचा अ दीर्घ होतो. मग सु लोप पावतो. शेवटीं पदान्तीं आलेला न् हि लोप पावतो. पाणिनीनें त्याला स्वतंत्र सूत्र दिलें आहे. राहतें राजा.”

“म्हणजे,” बाळ म्हणाला, “सु येतो, अ ला दीर्घ करितो, आणि निघून जातो? शेवटच्या रूपांत दिसत नाहीं?”

“दिसत नाहीं.”

“हें अगदीं बांधणीसारखें आहे, अण्णा. मधलीं कितीतरी साधनें कामापुरतीं येतात. चालणाऱ्या सर्व्हरमध्यें तीं कुठें दिसत नाहींत.” आणि थोडें थांबून, “हें तेव्हांच कां नाहीं सांगितलेंत?”

“आम्हांला ठाऊक होतें. सांगण्याची निकड वाटली नाहीं. तुझा प्रश्न बरोबर होता, बाळ. त्या दिवशीं वर्गाबाहेर उभें राहावयाचें तें आम्हीं.”

तो लगेच कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, “अण्णा, ८०८० वरचा तुमचा सर्व्हर खुशाल राहूं द्या. पण दादांसाठीं ८० वरचा तयार पुडक्यांतलाच असावा. अपाचींत एखादी उणीव सांपडली कीं त्याची दुरुस्ती उबुंटूकडून आपोआप येते. तुमचा मात्र नवी आवृत्ति निघेल तेव्हां तुम्हांलाच पुन्हां बांधावा लागेल.”

“कारण?” आम्ही म्हणालों.

तो हंसला, आणि त्यानें कारण सांगितलें: स्वतः बांधलेल्या वस्तूची राखणहि स्वतःच करावी लागते, कारण तिची खबर दुसऱ्या कोणाजवळ नसते.

वाचकांपैकीं कोणास आमच्या या गोष्टीवरून वाटेल कीं तयार वस्तु वाईट आणि घरीं केलेली चांगली. आमचें तसें म्हणणें राहिलेलें नाहीं. रोजच्या पंगतीला सिद्ध रूपच हवें. वाक्य बोलतांना प्रत्येक शब्द साधीत बसलों तर भाषणच संपावयाचें. परंतु ज्याला दुसऱ्यास शिकवावयाचें आहे, मग तो शाळेंतला मास्तर असो कीं घरांतला वडील माणूस, त्यानें आपण पाठ केलेलें निदान एकदां तरी साधून पाहावें. म्हणजे कोणी लहान तोंड वर करून ‘कां’ विचारील तेव्हां ‘पाठ कर’ म्हणण्याची पाळी त्याच्यावर येणार नाहीं.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं आम्ही आतां अपाचीची नवी आवृत्ति आली कीं काय तें पाहातों. आली असली तर छोटी आणि आम्ही चौसष्ट अक्षरें मोठ्यानें वाचून ताडतों. संगणकाला सांगितलें तर तो क्षणांत ताडतो, हें आम्हां दोघांसहि ठाऊक आहे.